ब्रीदरची नळी आणि वाढवलेला पंप



या पानावर आपण नेहमी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, ठिबक आणि खतांच्या मात्रा यांविषयी वाचता. या खेपेस विषय वेगळा घेतला आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने इंजिनावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु ऊस शेतात कितीही चांगला आला तरी तो गव्हाणीत पडेपर्यंत आपलं काम पुरं होत नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला जावा असे आम्ही वारंवार सांगतो, कारण तोडल्या क्षणापासून त्याचे वजन घटू लागते आणि साखरही कमी होऊ लागते. एफआरपी साखर उताऱ्याशी बांधलेली आहे. म्हणून वाटेत बंद पडलेल्या ट्रॅक्टरची झळ थोडीथोडी सगळ्यांनाच लागते. आणि ज्याचा ट्रॅक्टर, त्याच्या डोक्यावर बँकेचा हप्ता, टोळीची उचल आणि वर इंजिन खोलण्याचा खर्च, असं तिहेरी ओझं येतं.

हंगाम सुरू झाला की गाडीतळावर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "साहेब, पंप वाढवून घेतला. आता चढावर कसा ओढते पाहा!" आपल्या जिल्ह्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, रस्ते चढ-उताराचे. मेहकर, चिखली, सिंदखेड राजा या भागांत दोन ट्रॉल्या मागे लावून चढ घेताना ट्रॅक्टर कोंडतो हे खरं आहे. अशा वेळी पंपाचा स्क्रू थोडा फिरवून ओढ वाढत असेल तर कोणाला नको? पण ही वाढलेली ओढ फुकट मिळत नाही. तिची किंमत कुठे मोजली जाते, आणि ती मोजली जात असल्याची खूण इंजिनावर कुठे दिसते, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

पंप वाढवला म्हणजे काय केलं?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन आतली हवा दाबून तिचं आकारमान सोळा-सतरापटीने कमी करतो. त्या दाबाने हवा इतकी तापते की नोझलमधून फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. फवारा किती मोठा असावा हे पंप ठरवतो. कमाल डोसाचा स्क्रू कारखान्यात लावून त्यावर सील मारलेलं असतं. पंपवाला मिस्त्री ते सील तोडून डोस वाढवतो. एवढंच ते काम.

डिझेल वाढलं, पण हवा वाढली का? एक लिटर डिझेल पूर्ण जाळायला किमान दहा हजार लिटर हवा लागते. चांगलं जळण्यासाठी त्याहूनही जास्त लागते. टर्बो नसलेल्या इंजिनात हवा जाते ती पिस्टन ओढेल तेवढीच. त्यात बुलडाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर हवा सहा-सात टक्क्यांनी विरळ असते, आणि मार्चच्या उन्हात आणखी विरळ होते. म्हणजे आपल्याकडे इंजिनाला आधीच हवा थोडी कमी मिळते, आणि आपण डिझेलचा डोस वाढवतो. न जळलेलं डिझेल काळा धूर होऊन नळकांड्यातून बाहेर पडतं. काळा धूर म्हणजे ताकद असं काही ड्रायव्हर समजतात. तो धूर म्हणजे खिशातल्या पैशाचा धूर आहे.

बरं, सगळंच डिझेल धूर होऊन जात नाही. काही लायनरच्या भिंतीवर बसून तिथला तेलाचा पातळ थर धुऊन टाकतं आणि खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं. पिस्टनचं डोकं जास्त तापतं. रिंगा आपल्या खाचेत चिकटतात किंवा झिजतात. हे एका दिवसात होत नाही. पहिला महिना-दीड महिना ट्रॅक्टर खरंच चांगला ओढतो. म्हणूनच ज्याने पंप वाढवला तो शेजाऱ्यालाही वाढवायला सांगतो.

ब्रीदर कशासाठी असतो?

विहिरीवरची जुनी, मंद गतीची लिस्टर पद्धतीची इंजिनं ज्यांनी वापरली त्यांना चेंबरच्या झाकणावरची ब्रीदरची चकती आठवत असेल. ट्रॅक्टर-ट्रकला हेच काम एक साधी नळी करते. टॅपेट कव्हरवरून किंवा ब्लॉकच्या बाजूने निघून ती खाली सोडलेली असते.

रिंगा नव्या असल्या तरी शंभर टक्के बंदिस्त नसतात. स्फोटाचा थोडा वायू पिस्टनच्या कडेने खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतोच. तीन सिलिंडरचं इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर चालत असेल तर मिनिटाला तीन हजार स्फोट होतात, म्हणजे तासाला एक लाख ऐंशी हजार. प्रत्येक वेळी चिमूटभर वायू खाली गेला तरी चेंबरमध्ये दाब साठणार. तो दाब बाहेर काढण्याची वाट म्हणजे ब्रीदर. बैल दमला की त्याच्या नाकपुड्यांवरून आपल्याला कळतं. इंजिनाचं नाक ही नळी आहे.

नळी काय सांगते?

इंजिन गरम झाल्यावर, ट्रॅक्टर सपाटीवर उभा करून, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून नळीकडे पाहावे.

१. थंडीच्या दिवसांत सकाळी थोडी पांढरी वाफ येऊन नंतर थांबली, तर काळजी नको. ती चेंबरमधली ओल असते.

२. गरम इंजिनाच्या नळीतून चिलमीसारखा सतत धूर येत असेल, तर रिंगा-लायनर झिजले आहेत. टर्बो असलेल्या इंजिनात टर्बोचं सील गेलं तरी असं दिसतं, म्हणून आधी तेही तपासून घ्यावं.

३. धूर ठराविक ठोक्याने भक्-भक् येत असेल, तर बहुधा एकाच सिलिंडरची तक्रार आहे. रिंग तुटली असेल किंवा पिस्टनला भोक पडलं असेल. इंजिन लगेच बंद करावं.

४. नळीतून ऑइलचे थेंब पडत असतील, तर आधी ऑइलची पट्टी पाहावी. खुणेपेक्षा जास्त ऑइल भरलं तरी असं होतं. ऑइलला डिझेलचा वास येत असेल आणि न भरता पातळी वाढली असेल, तर डिझेल खाली उतरत आहे.

५. नळीतून काहीच येत नाही, पण सीलमधून ऑइल गळतं, पट्टी वर उचलली जाते, तर नळी चोंदली आहे.

पंप वाढवलेल्या ट्रॅक्टरची नळी हंगामाच्या सुरुवातीला आणि दर महिन्याला पाहिली तर रिंगांची झीज डोळ्यांना दिसते. नळकांड्याचा धूर सांगतो आज डिझेल किती वाया गेलं. ब्रीदरचा धूर सांगतो इंजिनाचं आयुष्य किती राहिलं.

नळी बंद केली तर?

नळीतून ऑइल उडून ट्रॅक्टर घाण होतो म्हणून काही जण तिला बोळा कोंबतात, काही जण प्लॅस्टिकची बाटली घट्ट बांधतात. पावसाळ्यात ट्रॅक्टर उभा राहिला तर कुंभारमाशी नळीत मातीचं घर करते. कारण कोणतंही असो, परिणाम एकच. दाबाला वाट मिळाली नाही की तो सर्वांत कमजोर जागा शोधतो. पुढचं-मागचं क्रँक सील, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, टर्बोचं परतीचं ऑइल, सगळीकडे त्रास सुरू होतो. मागचं सील गेलं तर ऑइल क्लचवर येतं आणि भरलेल्या ट्रॉल्यांसकट क्लच घसरतो. मग मिस्त्री सील बदलतो, आठ दिवसांत नवं सीलही जातं, आणि मालक सीलला दोष देतो.

काही जण उलट करतात. नळीला जाळी नको म्हणून ती काढून टाकतात. इंजिन थंड होताना बाहेरची हवा थोडी आत ओढतं. आपल्या फुफाट्याच्या रस्त्यांवरची धूळ ऑइलमध्ये गेली तर ती बेअरिंगला कानसासारखी घासते. नळी मोकळी हवी, पण तोंडाला जाळी हवी, आणि तोंड खाली हवं.

इंजिन सुसाट सुटलं तर

काही इंजिनांत ब्रीदर हवेच्या नळीला जोडलेला असतो. ब्रीदरची वाफ उघड्यावर न सोडता पुन्हा इंजिनात जाळण्याची ही पद्धत मोटारगाड्यांमध्ये कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून येऊ लागली. हेतू हवा स्वच्छ ठेवण्याचा होता. बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्यानंतरच्या अनेक ट्रकमध्ये वाफेतलं ऑइल वेगळं करणारा फिल्टर असतो. तो वेळेवर बदलावा, काढून फेकू नये.

अशा बंद ब्रीदरच्या इंजिनात रिंगा फार झिजल्या तर ऑइलच सिलिंडरमध्ये जाऊन जळू लागतं. मग डिझेल बंद केलं तरी इंजिन थांबत नाही, उलट वेग वाढत जातो. अशा वेळी हवा बंद करणं हाच उपाय. एअर क्लीनरच्या तोंडावर मजबूत सपाट फळी दाबून धरावी. हात किंवा फडकं लावू नये, ते आत ओढलं जातं. गाडी उभी असेल आणि पुढे-मागे माणूस नसेल, तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकून क्लच सोडला तरी इंजिन बंद पडू शकतं. इंजिन फार वेगात गेलं असेल तर जवळ जाऊ नये, माणसं दूर करावीत.

शर्यतीचं इंजिन आणि खेपेचं इंजिन

कोणी म्हणेल, पंजाबात टोचनच्या शर्यतीत ट्रॅक्टर दुप्पट ताकद दाखवतात, अमेरिकेत मोठ्या डिझेल पिकअप ट्रकचे शौकीन ताकद कितीतरी वाढवतात, मग आपल्यालाच का जमत नाही? त्याचं उत्तर असं की ते फक्त डिझेल वाढवत नाहीत. मोठा टर्बो, हवा थंड करणारा इंटरकूलर, मजबूत पिस्टन, धुराचं तापमान दाखवणारं मीटर, हे सगळं आधी बसवतात. म्हणजे आधी हवा, मग डिझेल. वाढलेल्या दाबासाठी ब्रीदरही मोठा करतात, आणि वाफेतलं ऑइल टर्बोत जाऊ नये म्हणून नळी वेगळ्या डब्यात सोडतात. एवढं करूनही ती शर्यत काही मिनिटांची असते. आपली खेप रात्रंदिवस, सगळा हंगामभर चालते.

"एकच इंजिन कमी आणि जास्त हॉर्सपॉवरच्या दोन मॉडेलांत येतं, मग पंप वाढवायला काय हरकत?" असंही विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण जास्त ताकदीच्या मॉडेलात नोझल, पिस्टन, रेडिएटर, क्लच यांतही बदल असू शकतो. बाहेरून ते दिसत नाही.

कायद्याचंही ध्यानात असावं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात परवानगीशिवाय फेरबदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा फेरबदलास मालकाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय सील तोडलेलं दिसलं तर कंपनी हमी नाकारू शकते.

ओढ हवी असेल तर

ट्रॅक्टर ओढत नसेल तर बहुतेक वेळा तो मूळची ताकदच पुरी देत नसतो. म्हणून पंपाच्या स्क्रूला हात लावण्याआधी, याच क्रमाने ही कामे करून पाहावीत :

१. एअर क्लीनर साफ करा. ऑइल बाथचा असेल तर हंगामात रोज पाहा, गाळ साचला की ऑइल बदला. क्लीनर ते इंजिन नळीच्या क्लिपा घट्ट आहेत ना, तेही पाहा.

२. डिझेल फिल्टर बदला, टाकीतलं पाणी काढा.

३. टॅपेट कंपनीच्या पुस्तकातल्या मापाने लावून घ्या.

४. नोझल टेस्टरवर तपासून घ्या. फवारा धुक्यासारखा हवा, धार नको.

५. पंपाचं टायमिंग तपासा.

६. ब्रीदर डिझेलने धुऊन, फुंकून मोकळा करा, जाळी बसवा.

७. टायरची हवा आणि ट्रॉल्यांची बेअरिंगं पाहा. अडकलेल्या चाकाला इंजिन जबाबदार नाही.

८. चढ लागण्याआधीच खालचा गिअर टाका. आणि ओझं ट्रॅक्टरच्या ताकदीएवढंच भरा.

एक वही ठेवा. खेपेमागे किती डिझेल लागलं, किती टन नेलं, ऑइल किती भरलं, हे लिहीत जा. पंप वाढवल्यावर टनामागे डिझेल वाढलं की कमी झालं, ते कोणा मिस्त्रीला विचारावं लागणार नाही. वहीच सांगेल.

हंगामाच्या आधी एक दिवस इंजिनासाठी काढला तर हंगामाच्या मध्यात आठ दिवस गॅरेजच्या दारात बसावं लागत नाही, आणि तोडलेला ऊस बांधावर वाळत नाही. वाहतूकदार सभासदांनी पहिली खेप भरण्यापूर्वी ब्रीदरची नळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावी, आणि ड्रायव्हरलाही दाखवावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी