रुग्णांची दिनचर्या सावरणाऱ्यांचीच दिनचर्या बिघडते तेव्हा...

अर्धांगवायू झालेल्या माणसाला पुन्हा शर्टाची बटणं लावता यावीत, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला स्वतःच्या हाताने घास घेता यावा, यासाठी झटणारं शास्त्र म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, अर्थात व्यवसायोपचार. पण हे काम करणाऱ्यांच्या जेवणाचं, झोपेचं आणि मनाचं काय?

महाराष्ट्राशी नातं काय?
कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाचं शिक्षण सुरू केलं. आशियातली ही पहिली संस्था मानली जाते. आजही राज्यातली या विषयाची जुनी शासकीय आणि महापालिकेची महाविद्यालयं मुंबई व नागपुरात आहेत. दौलताबादच्या विद्यार्थ्याला तिथे प्रवेश मिळाला, की घर सुटतं. वसतिगृह, मेस, इंग्रजीतला अभ्यास आणि वॉर्डातली ड्युटी एकदम अंगावर येते.

ताण कशामुळे येतो?
इथे सुधारणा फार हळू दिसते. एक बटण लावायला शिकण्यात आठवडे जातात. काहींचा हात पूर्वीसारखा चालतच नाही. ‘कधी बरा होणार?’ असं नातेवाईक विचारतात, तेव्हा समोर अनेकदा विशीतला इंटर्न असतो. त्यात ‘म्हणजे फिजिओथेरपीच ना?’ हा प्रश्न रोजचाच.

बर्नआउट म्हणजे आजार का?
नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउट ही कामाशी निगडित अवस्था मानली आहे. तिची लक्षणं तीन : गळून गेल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपणा येणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी राहिली, झोप किंवा भूक बिघडली, तर नैराश्याची शक्यता असते. अशा वेळी डॉक्टरांना दाखवावं.

उपाय काय?
उपाय याच शास्त्रात आहे. रुग्णाच्या दिवसाची मांडणी स्वतःची निगा, काम, विरंगुळा आणि झोप अशी तपासली जाते. तोच तक्ता आठवडाभर स्वतःसाठी भरावा. विरंगुळ्याचा रकाना रिकामा राहत असेल, तर तोही इशाराच. लवकर थकणाऱ्या रुग्णांना कामाचं नियोजन, महत्त्वाचं काम आधी, मध्ये विसावा आणि बसण्या-उचलण्याची योग्य पद्धत शिकवली जाते. ती स्वतःही पाळावी.

जबाबदारी एकट्याचीच का?
मुळीच नाही. एकामागून एक रुग्ण तपासायला लावायचे आणि वर ‘योगा करा’ म्हणायचं, याला अर्थ नाही. रुग्णसंख्येला मर्यादा, अवघड केसनंतर वरिष्ठांशी बोलायला ठरलेली वेळ आणि गोपनीय समुपदेशन, ही व्यवस्था संस्थेनेच करायला हवी.

मदत कुठे मिळेल?
केंद्र सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत आणि मराठीतूनही बोलता येतं. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर थांबू नका. लगेच फोन करा आणि जवळच्या माणसालाही सांगा.