नऊ वर्षांची मशागत, अडीच तासांची परीक्षा

दिवाळीनंतरची गोष्ट. हरभऱ्याच्या बियाण्याला रायझोबियम लावण्याचे प्रात्यक्षिक आटोपून निघालो होतो. एका शेतकऱ्याने गाडी थांबवली आणि खिशातून पत्रिका काढली. वाटले, लग्न असेल. पण वर छापले होते, 'अरंगेत्रम'.

"साहेब, पोरीचा कार्यक्रम आहे. आपल्या शाळेतच. यायचं बरं का," ते म्हणाले.

साडेतीन एकरांचा हा शेतकरी. दोन एकर ऊस, बाकी सोयाबीन आणि हरभरा. मुलगी सतरा वर्षांची, अकरावीला. दुसरीत असल्यापासून दर शनिवार-रविवारी एस.टी.ने तालुक्याला जाऊन भरतनाट्यम शिकते. आई सोबतीला. नऊ वर्षांत पेरणी चुकली असेल, पण शिकवणी चुकली नाही. घरच्यांनी नाव छापू नका म्हणून सांगितले, म्हणून देत नाही.

एक कबुली आधी देतो. दोन वर्षांपूर्वी यांनी मला विचारले होते, "साहेब, पोरीच्या नाचासाठी थोडा पैसा बाजूला टाकतोय, बरोबर का चूक?" मी पटकन बोलून गेलो, "आधी ठिबक करा. नाच कुठं पळून जातोय?" जमीन न बघता खताचा डोस सांगावा, तसा तो सल्ला होता.

अरंगेत्रम म्हणजे काय?

शब्द तमिळ आहे. 'अरंगु' म्हणजे रंगमंच आणि 'एट्रम' म्हणजे चढणे. गुरूला शिष्य तयार वाटला की तो त्याला पहिल्यांदा एकट्याने, पूर्ण कार्यक्रमासाठी रंगमंचावर चढवतो. दोन-अडीच तास एकटीनेच नाचायचे. सुरुवातीला अलारिपु, मग जतिस्वरम, शब्दम आणि मध्यावर वर्णम. वर्णम अर्धा-पाऊण तास चालते. त्यात पायांचे काम आणि चेहऱ्यावरचा अभिनय दोन्ही लागते, दम तिथेच कळतो. पुढे पदम आणि शेवटी तिल्लाना. बहुतेक वेळ गुडघे वाकवून, अर्धे बसलेल्या स्थितीत नाचावे लागते. भातलावणीत दिवसभर वाकलेल्या बायांना याची कल्पना येईल.

ही कला दक्षिणेची खरी, पण आपला संबंध नाही असे नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तंजावरला राज्य स्थापले. त्याच गादीवरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात (१७९८ ते १८३२) चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार भाऊ दरबारात होते. आज जो क्रम नाचतात, तो बसवण्याचे श्रेय या चौघांना देतात. सरफोजीराजांनी नृत्यासाठी मराठीतही रचना केल्या. मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी त्या पुन्हा रंगमंचावर आणल्या.

गावाचे बोलणे

पोरगी शिकायला जाऊ लागली तेव्हा पारावर चर्चा झाली. "फडात नाचवायची काय?" असे एकाने तोंडावर विचारले. वास्तविक तमाशा हीसुद्धा मोठी कला आहे, पण बोलण्याचा रोख वेगळा होता. आजीने वर्षभर अबोला धरला.

हे बोलणे नवे नाही. पूर्वी हा नाच देवळात आणि दरबारात देवदासी घराण्यांतल्या स्त्रिया करीत. ज्यांनी कला जपली, त्यांच्याच वाट्याला पुढे हेटाळणी आली. अशाच परंपरेतल्या बालसरस्वतींचे अरंगेत्रम १९२५ साली कांचीपुरमच्या देवळात झाले, तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. १९७७ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. रुक्मिणीदेवी अरुंडेल ब्राह्मण घरातल्या. त्या १९३५ साली मद्रासजवळ अड्यारला पहिल्यांदा नाचल्या तेव्हा एकतीस वर्षांच्या होत्या. त्यांनाही टीका सोसावी लागली. पुढे त्या राज्यसभेत गेल्या. जनावरांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आपल्याला ठाऊक आहे, त्यामागे याच बाईंचा पाठपुरावा होता. सांगायचे एवढेच की, सातव्या वर्षी काय नि एकतिसाव्या वर्षी काय, तयारी असली की वेळ झाली.

खर्चाचा हिशेब

शहरात अरंगेत्रमाचे आता लग्नासारखे होऊ लागले आहे. मोठे सभागृह, रंगीत जाड पत्रिका, चार-चार वेशभूषा, व्हिडिओ, जेवणावळ, येणाऱ्याला भेटवस्तू. यासाठी कर्ज काढणारेही आहेत. "आकडा छापू नका, पण कुठं वाचवलं ते लिहा," असे आमच्या शेतकऱ्याने सांगितले. म्हणून लिहितो.

सभागृहाऐवजी शाळा. जेवणाऐवजी चहा-पोहे. दागिने गुरुताईंनी दिले, नवी वेशभूषा एकच शिवली. पण दोन गोष्टींत काटकसर करायची नाही, असे ताईंनी बजावले होते. पहिली, वादक. तबकडीवरचे संगीत लावले तर स्वस्त पडते, पण नाचणारी चुकली तर ते तिच्यासाठी थांबत नाही. दुसरी, जमीन. शाळेचा मंच सिमेंटचा. त्यावर अनवाणी पाय आपटून गुडघे आणि घोटे दुखावतात. मग गावातल्या सुताराने फळ्यांची तक्तपोशी करून दिली, मजुरी घेतली नाही.

त्या संध्याकाळी

मी पुढून तिसऱ्या रांगेत होतो. शेजारी भजनी मंडळाचे आबा. ताई मंचाच्या कडेला बसून टाळ वाजवीत बोल म्हणत होत्या, बाजूला मृदंगम. आबा कानाशी म्हणाले, "टाळ तर आपलेच की हो. पखवाजाचा भाऊ दिसतोय तो."

वर्णम सुरू होऊन वीसेक मिनिटे झाली असतील. घामाने चेहरा भिजला होता. एका अवघड तुकड्यात पोरीचा पाय चुकला. क्षणभर ती थांबली. मला वाटले, संपले. आई पदर तोंडाला लावून बसली. ताईंनी मान वर केली नाही की डोळे वटारले नाहीत, टाळ फक्त किंचित जोरात वाजवला. पुढच्या आवर्तनाला पोरीने पाय बरोबर टाकला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. आबा म्हणाले, "सम धरली पोरीनं." ताई वादकांसाठी का अडून बसल्या होत्या, ते मला तेव्हा कळले.

शेवटी तिने तुकोबांच्या अभंगावर नृत्य केले. भजनी मंडळाने न सांगता ठेका धरला. अबोला धरणारी आजी पहिल्या रांगेत होती. कार्यक्रम संपल्यावर तिने नातीच्या पायातले घुंगरू स्वतः सोडले. काही बोलली नाही.

पालक व गावकारभाऱ्यांसाठी

पैसा एका दिवसावर नको, शिकण्याच्या वर्षांवर घालावा. मुलांना अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळासारख्या मान्यताप्राप्त संस्थेच्या परीक्षांना बसवावे. शास्त्रीय नृत्याच्या ठराविक परीक्षा उत्तीर्ण असल्यास दहावीला वाढीव गुण मिळतात. त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो. मुख्याध्यापकांनी हे पालकांना वेळेवर सांगावे. ग्रामपंचायतीने समाजमंदिरात लाकडी तक्तपोशीचा एक कोपरा करून दिला तर कुस्ती सोडून इतर मुलांचीही सोय होईल.

पुढच्या शनिवारी सकाळी एस.टी. थांब्यावर मायलेकी पुन्हा उभ्या होत्या. म्हटले, "आता तरी सुट्टी?" पोरगी हसली. "काका, ताई म्हणाल्या, आता कुठं शिकायला सुरुवात."

तिच्या वडिलांच्या ठिबकचा अर्ज यंदा मीच भरून देणार आहे. दोन्ही गोष्टी एका घरात होऊ शकतात, हे मला उशिरा कळले.