प्लेटमधलं आतडं (लेखांक ११) : मांजरानंच काय घोडं मारलंय?

ऑर्गनॉइडचा, म्हणजे प्लेटमध्ये पेशींपासून वाढवलेल्या इवल्याशा आतड्याचा, गोळा उलटा करून त्याची आतली बाजू बाहेर कशी आणायची, ते आज सांगायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या आठवड्यात. मध्येच एका वाचकांचं पत्र आलं. त्यांच्या सुनेला दिवस गेलेत, आणि मांजराच्या शीला हात लावू नका असं डॉक्टरांनी बजावलंय. पत्रात त्यांनी विचारलंय, घरात कुत्रा आहे, गोठ्यात गाय आहे, त्यांच्याबद्दल कुणी असं काही बोलत नाही, मग मांजरानंच काय घोडं मारलंय?

उत्तर २०१९ साली मिळालं, आणि तेही मांजराच्या आतड्याच्या ऑर्गनॉइडमधून. त्यामुळे मला थांबवेना.

आरोपी आहे टोक्सोप्लाझ्मा गोंडी नावाचा परजीवी. १९०८ मध्ये ट्युनिसला गुंडी नावाच्या एका कृंतकात तो प्रथम दिसला. शेळी, डुक्कर, कोंबडी, माणूस, उष्ण रक्ताचा जवळपास कुठलाही प्राणी त्याला चालतो. पण या सगळ्यांत तो नुसता विभागून वाढतो. त्याच्या नर-मादी पेशी तयार होतात त्या फक्त मार्जारकुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात. घरातली मनी असो की उसातला बिबट्या. मिलनातून बनलेले ऊसिस्ट विष्ठेतून लाखोंनी बाहेर पडतात आणि एक ते पाच दिवसांत संसर्गक्षम होतात. म्हणून शी रोजच्या रोज, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उचलावी. अर्धकच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांचाही धोका तेवढाच गंभीर आहे, हे पत्रलेखकांनी सुनेला जरूर सांगावं.

मांजराच्या विष्ठेतला हा टप्पा १९७०च्या सुमारास उलगडला. अमेरिकेत कॅन्ससला फ्रेंकेल यांच्याबरोबर हे काम करणाऱ्यांत भारतातून गेलेले पशुवैद्यक जितेंदर दुबे होते. पण मांजरच का, हे तेव्हा कळलं नाही. शिवाय ऊसिस्ट हवे असतील तर मांजराच्या पिल्लांना संसर्ग करावा लागे आणि काम झालं की ती मारली जात. अमेरिकी कृषी खात्यानं आपल्या प्रयोगशाळेतला हा प्रकार एप्रिल २०१९ मध्ये बंद केला.

त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या लॉरा नॉल आणि ब्रुनो मार्तोरेल्ली दी जेनोव्हा यांच्या गटाचा शोधनिबंध आला. त्यांनी मांजराच्या आतड्यापासून ऑर्गनॉइड वाढवले, त्यांच्या पेशी सुट्या करून काचेवर एकपदरी अस्तर म्हणून पसरवल्या (गोळ्याची पोकळी आत बंद असते, परजीवी सोडायचा कुठून, ही आपली जुनीच अडचण), आणि त्यावर परजीवी सोडले. अस्तर अस्सल मांजराचं, परजीवी जिवंत. तरी नर-मादी पेशी दिसेनात.

मला या प्रयोगात सगळ्यात मोलाची वाटते ती हीच पायरी. पेशी मांजराच्या असणं पुरेसं नाही, हे इथे कळलं. जिवंत मांजरात परजीवीला असं काय मिळतं जे प्लेटमध्ये मिळत नाही? अख्ख्या जनावरात याचा शोध घेणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. तिथे पित्त, अन्न, जंतू, प्रतिकारपेशी सगळं एकदम असतं. प्लेटमध्ये यातलं काहीच नसतं, त्यामुळे एकेक गोष्ट टाकून बघता येते.

त्यांनी लिनोलेइक आम्ल टाकलं. करडईच्या तेलाचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग याच मेदाम्लाचा असतो. ते पडताच लैंगिक टप्प्यातले परजीवी दिसू लागले. ऑलिव्ह तेलातलं ओलेइक आम्ल टाकून पाहिलं, तर काहीच नाही.

ही कल्पना आली कुठून, तर मांजराच्या आहारशास्त्रातून. बहुतेक सस्तन प्राणी डेल्टा-६-डिसॅच्युरेज या विकराच्या मदतीनं लिनोलेइक आम्लाचं रूपांतर पुढच्या मेदाम्लांत करतात. मांजराला ते जमत नाही, हे १९७५ पासून माहीत होतं. ती पुढची मेदाम्लं ते मांसातून घेतं. साहजिकच त्याच्या शरीरात लिनोलेइक आम्ल साचून राहतं. पोषणशास्त्रातली ही नोंद चव्वेचाळीस वर्षं परजीवीशास्त्राच्या शेजारी पडून होती.

मग त्यांनी उंदीर घेतले. लिनोलेइक आम्लानं भरपूर असा खुराक दिला आणि औषधानं ते विकर रोखलं. उंदरांच्या लेंड्यांत ऊसिस्ट आले, आणि ते संसर्गक्षम निघाले. मांजराची मक्तेदारी एका विकराच्या अभावावर उभी होती.

२०२४ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या हकीमी यांच्या गटानं उलट्या बाजूनं सुरुवात केली. यजमानाला हात न लावता त्यांनी परजीवीचेच दोन नियंत्रक घटक बंद पाडले, आणि एरवी फक्त मांजरात होणारे मेरोझॉइट मानवी पेशींत तयार झाले. मेरोझॉइट ही नर-मादी पेशींच्या अलीकडची पायरी. ग्रेनोबलचे हे परजीवी विस्कॉन्सिनच्या मार्जार-अस्तरावर सोडावेत, वरून लिनोलेइक आम्ल द्यावं, आणि संसर्गक्षम ऊसिस्ट एकाही जनावराशिवाय भरपूर मिळतात का ते बघावं, असं मला फार वाटतं.