पहिला महागडा माणूस कुठे लावायचा? ग्रीन बे पॅकर्सची गोष्ट



मागच्या व्हिडिओत आपण पहिला चांगल्या पगाराचा माणूस कधी घ्यायचा यावर बोललो. बोलता बोलता मी अमेरिकन फुटबॉलमधल्या ग्रीन बे पॅकर्स या टीमचं नाव घेतलं आणि वेळेअभावी पुढे गेलो. ती गोष्ट आज सविस्तर. या खेळातलं काहीच कळत नसेल तरी बिनधास्त वाचा, लागेल तेवढं मी सांगतो.

हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही. इथे चेंडू हातात घेऊन पळतात, फेकतात. दोन्हीकडे ११-११ जण. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू कुणाकडे टाकायचा हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं. समोरच्या टीमचे पुढच्या रांगेतले तीन-चार धिप्पाड गडी म्हणजे डिफेन्सिव्ह लाइन. समोरची माणसांची भिंत फोडायची, चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवायचं आणि जमलं तर चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅकला खाली पाडायचं, हे त्यांचं काम. असं पाडलं की त्याला सॅक म्हणतात. कबड्डी खेळलेल्यांना हे पटकन कळेल. टाळ्या रेडरला, पण सामना राखतात ते कोपरा आणि कव्हर सांभाळणारे.

आता ग्रीन बे. विस्कॉन्सिन राज्यातलं थंडीने गारठलेलं गाव, वस्ती तेव्हा लाखाच्याही आत. न्यूयॉर्क, शिकागो, डॅलससारख्या शहरांच्या लीगमध्ये हे एवढंसं गाव. टीमला कुणी शेठ मालक नाही. १९२३ पासून ती लोकांच्या शेअर्सवर चालते आणि त्या शेअर्सवर लाभांश मिळत नाही. १९६० च्या दशकात या टीमने पाच अजिंक्यपदं मिळवली, पहिले दोन्ही सुपर बोल जिंकले. मग उतरण लागली ती लागलीच. १९६८ ते १९९२ या पंचवीस हंगामांत फक्त दोनदा प्लेऑफ.

१९९१ च्या अखेरीस रॉन वुल्फ जनरल मॅनेजर झाला. त्याने माइक होमग्रेन हा कोच आणला आणि अटलांटाच्या टीमकडून ब्रेट फार्व्ह नावाचा, तिथे बाकावर बसलेला तरुण क्वार्टरबॅक घेतला. फार्व्ह पुढे महान खेळाडू झाला. १९९२ चा हंगाम संपला ९ विजय आणि ७ पराभवांवर. वाईट नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर ऑर्डर आणणारा पोरगा सापडला होता, पण मागच्या दाराने माल गळत होता. प्रतिस्पर्ध्यांना दिलेल्या यार्डांच्या हिशोबात पॅकर्सचा बचाव लीगमध्ये २३ वा होता.

इथे बहुतेक धंदेवाले काय करतात? आणखी एक सेल्समन घेतात. विक्री दिसते, गळती दिसत नाही.

वुल्फने दुसरी वाट धरली आणि त्याच सुमारास नशिबाने दारही उघडलं. तोवर या लीगमध्ये करार संपला तरी चांगल्या खेळाडूला मनासारखं दुसरीकडे जाता येत नसे. १९८९ पासूनच्या नियमात प्रत्येक टीम आपले ३७ खेळाडू राखून ठेवू शकायची. खेळाडू कोर्टात गेले. १९९२ मध्ये मिनियापोलिसच्या ज्यूरीने हा नियम स्पर्धाविरोधी कायद्यात बसत नाही असा निकाल दिला. त्यानंतरच्या सामूहिक दाव्यावर फिलाडेल्फिया ईगल्सच्या रेजी व्हाइटचं नाव होतं. तडजोड झाली आणि १९९३ मध्ये ठरावीक वर्षं खेळलेले, करार संपलेले खेळाडू पहिल्यांदा खरोखर मोकळे झाले. यालाच फ्री एजन्सी म्हणतात. त्या वर्षी बाजारात आलेलं सगळ्यात मोठं नाव पुन्हा रेजी व्हाइटचंच.

वय ३१. ईगल्सकडून आठ हंगामांत १२१ सामने आणि १२४ सॅक. सामन्यांपेक्षा सॅक जास्त! साहजिकच टीमा त्याच्या मागे लागल्या. तो शहराशहरांत फिरला आणि ग्रीन बेला जाईल असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं. कारण नुसती थंडी नव्हती. बहुतांश गोऱ्या वस्तीच्या या लहान गावात जायला अनेक कृष्णवर्णीय खेळाडू नाखूष असत. "नीट खेळ, नाहीतर ग्रीन बेला पाठवीन," असं इतर ठिकाणचे कोच दरडावत म्हणे. व्हाइट स्वतः कृष्णवर्णीय, धर्मोपदेशक, आणि मोठ्या शहरातल्या गरीब वस्त्यांत काम करायची इच्छा असलेला.

६ एप्रिल १९९३ ला त्याने पॅकर्सशी करार केला. चार वर्षं, १.७ कोटी डॉलर.

ही गोष्ट सांगताना लोक एक मजेदार किस्सा जोडतात. देव सांगेल तिकडे जाईन, असं व्हाइट म्हणाला होता. म्हणून होमग्रेनने त्याच्या आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवला की मी देव बोलतोय, ग्रीन बेला जा. किस्सा गोड आहे. पण नुसत्या गोडव्यावर जाऊ नका. पॅकर्सनी रक्कम भक्कम दिली होती. वर्षाची सरासरी ४२.५ लाख डॉलर पडते. १९९४ मध्ये लीगने प्रत्येक टीमच्या पगारखर्चावर ३.४६ कोटी डॉलरची मर्यादा घातली, त्याच्याशी ताडून बघा. पन्नासहून जास्त खेळाडूंची टीम आणि मर्यादेच्या सुमारे आठव्या हिश्श्याएवढी रक्कम एका माणसाला. "आमच्याकडे घरच्यासारखं वातावरण आहे" असं सांगून निम्म्या पगारात माणूस मागणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. घरच्यासारखं वातावरण पगाराच्या जोडीला द्यायचं असतं, पगाराऐवजी नाही.

आणि आता मला सगळ्यात आवडणारा भाग. एवढा पैसा ओतल्यावर काय झालं?

१९९२: ९ विजय, ७ पराभव.
१९९३: ९ विजय, ७ पराभव.
१९९४: ९ विजय, ७ पराभव.

आकडा जागचा हलला नाही. कल्पना करा, तुम्ही उसनवारी करून एक जाणता प्रॉडक्शन सुपरवायझर घेतलाय आणि दोन वर्षं टर्नओव्हर तेवढाच. घरचे काय म्हणतील? पार्टनर काय म्हणेल? आपल्याकडे तर सहाव्या महिन्यातच "याला उगाच घेतला" सुरू होतं.

पण वुल्फ फक्त वरचा आकडा बघत नव्हता. २३ वा असलेला बचाव व्हाइटच्या पहिल्याच हंगामात दुसऱ्या क्रमांकावर आला होता. दोन्ही वर्षी टीम प्लेऑफला पोचली होती. ३१ डिसेंबर १९९४ चा सामना बघा. समोर डेट्रॉइटचा बॅरी सँडर्स. त्या हंगामात १,८८३ यार्ड पळालेला, हाताला न लागणारा गडी. पॅकर्सच्या बचावफळीने त्याला १३ प्रयत्नांत किती पळू दिलं? उणे एक यार्ड. म्हणजे सगळा हिशोब केला तर तो सुरुवातीच्या जागेपेक्षा मागे गेला. पॅकर्स १६-१२ ने जिंकले. पुढच्या फेरीत डॅलसने त्यांना सडकून हरवलं, तेही खरं. त्याआधीच्या वर्षीही डॅलसनेच बाहेर काढलं होतं आणि नंतरच्या वर्षीही डॅलसच आडवं आलं.

विजयाचा आकडा अडला होता, भिंत मात्र वर चढत होती. माणूस गळती थांबवायला घेतला असेल तर मोजायचं गळतीलाच. टर्नओव्हरवरून त्याची किंमत करायला गेलात तर तुम्ही त्याला चुकीच्या तराजूत घातलंत.

दुसरी गोष्ट, वुल्फ एका माणसावर थांबला नाही. रांग चौघांची असते. एकटा कितीही जबरदस्त असला तरी समोरचे दोघे त्याच्यावर घालतात आणि बाकीच्या बाजूने वाट काढतात. म्हणून शेजारची माणसं हवीत. १९९३ मध्येच मिनेसोटाने सोडून दिलेला गिल्बर्ट ब्राउन पॅकर्सनी उचलला. दीडशे किलोंच्या पुढचा हा गडी रांगेच्या मधोमध नुसता ठाण मांडायचा. त्याच्या नावावर सॅक फारशा नाहीत, कारण त्याचं काम दोघादोघांना अडकवून ठेवायचं. १९९४ मध्ये ह्यूस्टनहून शॉन जोन्स आला, फ्री एजंट. १९९६ मध्ये टॅम्पा बेहून सँटाना डॉटसन, तोही फ्री एजंट. म्हणजे रांग पुरी व्हायला तीन वर्षं गेली आणि चौघांपैकी कुणीही मूळचा पॅकर्सचा नव्हता. व्हाइट आल्यावर बाहेरच्या खेळाडूंची ग्रीन बेकडे बघायची नजरही बदलली. तो जिथे टिकला तिथे आपणही टिकू, असं त्यांना वाटू लागलं. पहिला चांगला माणूस पुढच्यांसाठी जाहिरात असतो, हे मी तुम्हाला नेहमी सांगतो.

१९९६ च्या हंगामात १३ विजय, ३ पराभव. लीगमध्ये सर्वाधिक ४५६ गुण केले आणि सर्वांत कमी २१० गुण दिले. दोन्हीकडे पहिलं असण्याची करामत त्याआधी १९७२ मध्ये मायामीने केली होती. २६ जानेवारी १९९७ ला सुपर बोल झाला, समोर न्यू इंग्लंड. तिसऱ्या सत्रात अंतर २७-२१ इतकं कमी झालं, तेव्हा डेसमंड हॉवर्डने किकऑफ झेलून ९९ यार्ड पळत गुण आणले. लगेच पुढच्या चालीत व्हाइटने लागोपाठ दोन सॅक काढल्या, नंतर आणखी एक. एका सुपर बोलमध्ये तीन सॅक हा त्या वेळचा विक्रम. पॅकर्स ३५-२१ ने जिंकले. सामन्याचा मानकरी हॉवर्ड ठरला. चालायचंच.

आता उलटी बाजू, कारण नुसती यशाची गोष्ट ऐकून कुणी कर्ज काढायला निघू नये. २००९ मध्ये वॉशिंग्टनच्या टीमने याच पद्धतीने, याच रांगेसाठी, टेनेसीचा अल्बर्ट हेन्सवर्थ घेतला. सात वर्षं, १० कोटी डॉलरपर्यंतचा करार, त्यातले सुमारे ४.१ कोटी हमीचे. दुसऱ्या वर्षी नवा कोच आला आणि त्याने रांगेची रचनाच बदलली. हेन्सवर्थला नवी जागा पसंत नव्हती, तो फिटनेस चाचणीत अडकला आणि हंगामाचे शेवटचे चार सामने त्याला निलंबित करून घरी बसवलं. २०११ मध्ये एका पाचव्या फेरीच्या निवडीच्या बदल्यात त्याला देऊन टाकलं. गडी ताकदीला कमी नव्हता. ज्या कामात तो तरबेज होता ते काम वॉशिंग्टनला त्याच्याकडून नको होतं. माणूस घेताना कामाचं वर्णन कागदावर लिहायला मी सांगतो ते याचसाठी, आणि हमीचा पैसा आधी देताना हात आखडता घ्यायला सांगतो तेही याचसाठी.

तुमच्या शॉपमध्ये ही रांग कोणती? फॅब्रिकेशनवाल्याची असेल क्वालिटी चेकिंग आणि डिस्पॅच. मसाले-लोणच्यांच्या धंद्यात पॅकिंग आणि स्टॉक. होलसेलवाल्याकडे शंभर टक्के उधारी-वसुली. जिथे फोटो काढण्यासारखं काही नसतं, तीच जागा.

एक वही घ्या आणि मागच्या १२ महिन्यांचं काढा: रिजेक्ट होऊन परत आलेला माल, पार्टीने काढलेल्या डेबिट नोटा, ९० दिवसांच्या वर अडकलेली उधारी आणि तिच्यापायी भरलेलं व्याज, जीएसटीची लेट फी, ऐनवेळी जादा भाडं देऊन पाठवलेले टेम्पो. बेरीज करा. चांगला माणूस आला तरी सगळी गळती थांबत नाही, म्हणून तिच्या निम्मंच धरा. समजा गळती ६ लाख, निम्मं ३ लाख. तुम्हाला हवा तो माणूस महिन्याला ३५,००० मागतोय, म्हणजे वर्षाला ४,२०,०००. मग आज पूर्णवेळ माणूस परवडत नाही, विषय संपला. आठवड्यातून दोन दिवस येणारा बघा. कंपनीतून ५८ ला निवृत्त झालेले क्वालिटी इन्स्पेक्टर, बंद पडलेल्या युनिटचे फोरमन, मुलं मोठी झाल्यावर परत कामाला निघालेल्या अकाउंटंट ताई, हे आपल्या बाजारातले मोकळे खेळाडू. यातल्या कित्येकांवर कुणाची बोलीसुद्धा लागलेली नसते. आणि गळती १० लाख निघाली तर ३५,००० ला घासाघीस करत बसू नका.

शेजारच्या युनिटमधला माणूस घेत असाल तर त्याला तिथला नोटीस पिरियड पूर्ण करू द्या. एमआयडीसीत तोंडं रोज समोर येतात.

तो बेरजेचा आकडा हातात आल्याशिवाय जाहिरात लिहायला बसू नका. पुढच्या व्हिडिओत ऑफर लेटर घेऊ: प्रोबेशन किती ठेवायचं, इन्सेंटिव्ह कुठल्या आकड्याला बांधायचा, आणि ॲडव्हान्स मागितला तर कसं लिहून घ्यायचं.