एका निवडणुकीचे तीन निकाल

शाळेंत गणित शिकवितांना मी मुलांस नेहमीं सांगत असें, कीं उत्तराची बेरीज पाहून थांबूं नका, वरचे आंकडेही तपासा. निवडणुकीच्या निकालासही हें लागू पडतें. १९१८ सालची ब्रिटिश पार्लमेंटची निवडणूकच पहा.

पहिलें महायुद्ध नुकतेंच संपलें होतें. १४ डिसेंबरला मतदान झालें व २८ तारखेस मोजणी. एकंदर बेरीज पाहिली, तर लॉइड जॉर्ज यांच्या संयुक्त सरकारचा मोठा विजय झाला. हा पहिला निकाल.

दुसरा आयर्लंडचा. तेथील १०५ जागांपैकीं ७३ सिन फेन पक्षानें जिंकल्या. चाळीस वर्षांहून अधिक काळ सनदशीर मार्गानें होमरूल मागणाऱ्या जुन्या पक्षास अवघ्या ६ मिळाल्या. त्याचे पुढारी डिलन यांस, तुरुंगांत असलेल्या डी व्हॅलेरा यांनीं पाडलें. ‘होमरूल’ हा शब्द आपणांकडे आयर्लंडवरूनच आला. १९१६ सालीं टिळकांनीं आपल्या संघास तेंच नांव दिलें. पण दोनच वर्षांत खुद्द आयर्लंडास तो शब्द अपुरा वाटूं लागला! १९१६ च्या उठावानंतर पुढाऱ्यांस गोळ्या घातल्या गेल्या आणि १९१८ च्या वसंतांत सक्तीच्या लष्करभरतीचें संकट आलें. त्यामुळें लोकांचें मन फिरलें. शिवाय नव्या कायद्यानें तेथील मतदार सुमारें ७ लाखांवरून १९ लाखांवर गेले होते. सिन फेनला पडलेलीं मतें निम्म्याहून थोडीं कमीच होतीं. परंतु २५ जागीं त्याच्याविरुद्ध कोणी उभाच राहिला नव्हता, हेंही ध्यानांत ठेवावें.

तिसरा निकाल या दुसऱ्याच्याही पोटांत दडलेला होता. उत्तरेकडील अल्स्टर प्रांताच्या ३८ जागांपैकीं २३ ब्रिटनशीं जोडलेलें राहूं इच्छिणाऱ्या युनियनिस्टांनीं जिंकल्या. उरलेल्या साऱ्या आयर्लंडांत त्यांस केवळ ३ मिळाल्या.

पुढें काय झालें? २१ जानेवारी १९१९ रोजीं सिन फेनच्या सभासदांनीं लंडनला न जातां डब्लिनमध्यें आपली स्वतंत्र सभा भरविली. १९२० च्या कायद्यानें ईशान्येचे सहा परगणे वेगळे काढले गेले आणि १९२२ सालीं उरलेल्या सव्वीसांचें फ्री स्टेट झालें. मधल्या काळांत पुष्कळ रक्त सांडलें.

लंडनची बेरीज चुकीची नव्हती. परंतु तिच्यांत एक राष्ट्र झांकलें गेलें होतें, आणि त्या राष्ट्राच्या बेरजेंत एक प्रांत. म्हणून निकाल वाचतांना कोण जिंकलें एवढेंच न विचारतां, कोठें जिंकलें आणि कोठें हरलें, हेंही विचारीत जावें.