तेलकट पाणी गाळायचे कसे?

लेथ यंत्रावर लोखंड कातण्याचे काम तुम्ही पाहिले आहे का? हत्यार लोखंडाला जेथे भिडते तेथे एका नळीतून दुधासारखा पांढरा द्रव सारखा पडत असतो. कारागीर त्याला कूलंट म्हणतात. पिंपरी-चिंचवड, नाशिक, कोल्हापूर या भागांतल्या वाचकांच्या तो चांगला ओळखीचा असेल. शंभर भाग द्रवात सुमारे पाच भाग तेल, थोडा साबणासारखा पदार्थ आणि बाकी सारे पाणी, असा हा प्रकार. पाणी उष्णता वाहून नेते, तेल घर्षण कमी करते. पण वापरता वापरता या द्रवात जंतू वाढतात, त्याला घाण वास सुटतो आणि तो बदलावा लागतो.

मग जुना कूलंट टाकायचा कोठे? नाल्यात ओतला, तर तेलाचा तवंग पाण्यावर पसरतो व हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळण्यास अडथळा येतो. तेल खाणारे जंतू पाण्यात उरलेला ऑक्सिजनही वापरून टाकतात. मग मासे गुदमरतात. म्हणूनच आपल्याकडे नदी-नाल्यांत सोडायच्या सांडपाण्यात तेल व ग्रीज दर लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, असा नियम आहे. एक लिटर कूलंटमध्ये तेल असते सुमारे ५० ग्रॅम. म्हणजे मर्यादेच्या पाच हजार पट!

तुम्ही म्हणाल, तेल पाण्यापेक्षा हलके आहे. हौदात भरून ठेवले की ते आपोआप वर येईल. थोडे गणित करू. द्रवातला बारीक थेंब किती वेगाने वर चढेल किंवा खाली बसेल, ते स्टोक्स या शास्त्रज्ञाच्या १८५१ सालच्या नियमावरून काढता येते. हा वेग थेंबाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. तेलाची घनता ०.९ धरली, तर ०.१ मिलिमीटर व्यासाचा थेंब एक मीटर पाणी सुमारे अर्ध्या तासात चढून जातो. व्यास दहापट कमी झाला की वेळ शंभरपट वाढतो, म्हणजे दोन दिवस. आणि एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा थेंब? त्याला सात महिने लागतील, तेही पाणी अगदी निश्चल राहिले तर! कूलंटमधले पुष्कळ थेंब एवढेच बारीक असतात. शिवाय साबणाचे रेणू प्रत्येक थेंबाभोवती कडे करून असल्याने थेंब एकमेकांत मिसळून मोठेही होत नाहीत. अशा मिश्रणाला पायस म्हणतात. दूधही पायसच आहे. साय धरली तरी खालचे दूध पांढरेच राहते.

तरंगत नाही, तर गाळून पाहू. पण कापडाची, गाळणकागदाची छिद्रे या थेंबांपुढे दरवाजाएवढी. येथे कामास येते ते पटल. पटल म्हणजे मायक्रॉनहून कितीतरी बारीक छिद्रे असलेला पातळ पडदा. १९६०च्या सुमारास अमेरिकेत सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी समुद्राचे पाणी गोडे करण्यासाठी एक नामी पटल तयार केले. वर अतिशय पातळ, दाट थर आणि खाली आधाराला जाड, सच्छिद्र थर, अशी त्याची रचना होती. पटल पातळ असले की फाटते आणि जाड असले की पाणी जाऊ देत नाही, ही अडचण त्यामुळे सुटली. तेलासाठी वापरतात त्या अनेक पटलांची घडणही याच धर्तीची असते, फक्त छिद्रे थोडी मोठी असतात.

येथे एक गंमत आहे. वाळूचा कण आपल्यापेक्षा लहान छिद्रातून कधीच जाणार नाही. तेलाचा थेंब मात्र मऊ असतो. पुरेसा दाब दिला की तो लांबट होऊन छिद्रातून निसटतो. त्याला अडवतो तो तेल आणि पाणी यांच्या सीमेवरचा ताण. ०.१ मायक्रॉनच्या छिद्रातून नुसते तेल रेटायला सुमारे १२ वातावरणांचा दाब लागेल. साबणाने हा ताण दहापट कमी केला, तर सव्वा वातावरणातच काम फत्ते! म्हणून कूलंटसाठी आणखी दहापट लहान, ०.०१ मायक्रॉनच्या आसपासची छिद्रे निवडतात.

हा अडथळा टिकतो कशावर? पटल पाण्याने भिजलेले असण्यावर. हे तुम्ही शाळेत करून पाहा. नरसाळ्यात गाळणकागद बसवून तो पाण्याने चांगला भिजवा. मग थोडे पाणी व गोडेतेल एकत्र ओता (साबण घालू नका). पाणी गळून जाईल. तेल बराच वेळ कागदावर राहील. दुसरा कागद आधी तेलात भिजवा आणि त्यावर पाणी ओता. आता पाणीच अडेल. म्हणजे आधी ज्याने भिजवले, त्यालाच वाट. माशाच्या खवल्यांना पाण्यात तेल चिकटत नाही, त्याचेही कारण हेच: पाणी धरून ठेवणारा खडबडीत पृष्ठभाग. चीनमधील शास्त्रज्ञांनी २००९ साली हे दाखवून दिले आणि त्यावरून पाणी धरणारे नवे पृष्ठभाग बनवण्याच्या खटपटीला जोर आला.

खरा शत्रू आहे तो तुंबणे. चहाची गाळणी चोथ्याने कशी तुंबते ते तुम्हाला ठाऊक आहेच. यावर तोड म्हणून कूलंट पटलावर सरळ दाबत नाहीत. पटलाच्या नळीतून तो सेकंदाला काही मीटर वेगाने वाहवत नेतात. थोडे पाणी नळीच्या भिंतीतून बाहेर झिरपते, उरलेला द्रव तेलाला खरवडत पुढे जातो व पुन्हा टाकीत येतो. तरीही हळूहळू तेल चिकटतेच आणि झिरपणे मंदावते. मग गरम, अल्कधर्मी द्रावणाने पटल धुवावे लागते. पटलाचा खर्च परवडतो की नाही, हे पुष्कळदा या धुण्यावरच ठरते.

आता हिशेब पाहा. १०० लिटर कूलंटमधून ९० लिटर पाणी काढले, तर उरलेल्या १० लिटरमध्ये निम्मे तेल असते. पटलाने तेल नाहीसे केले नाही, एका लहान पिंपात गोळा केले एवढेच. ते जाळायचे की शुद्ध करून पुन्हा वापरायचे, हे पुढे ठरवावे लागते. बाहेर आलेले पाणी स्वच्छ दिसते, पण विरघळलेले क्षार आणि थोडा साबण त्यात असतोच. म्हणून नाल्यात सोडण्यापूर्वी ते तपासावे आणि गरज पडल्यास त्यावर आणखी प्रक्रिया करावी लागते.