आडनाव बदलले, मासा तोच

मत्स्यालयाचा नाद असलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते: शास्त्रज्ञांना दुसरा उद्योग नाही, म्हणून ते माशांची नावे बदलत बसतात. अशांनी बेंगळुरूशी नाते असलेला एक चिमुकला मासा पाहावा. १९३७ मध्ये सुंदरलाल होरा यांनी कोडगूतल्या कावेरीतल्या या माशाचे वर्णन केले आणि बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक सी. आर. नारायण राव यांच्या सन्मानार्थ त्याला ‘नारायणी’ हे नाव दिले. तेव्हा तो ‘बार्बस’ होता, पुढे ‘पुंटियस’ झाला, आता ‘पेथिया’ आहे. ‘नारायणी’ मात्र तिथेच आहे. जातीला आधी मिळालेले नाव टिकवायचे, असा नियमच आहे. फार तर पहिल्या शब्दाच्या व्याकरणातल्या लिंगानुसार शेवट बदलतो, ‘फॅसिएटस’चे ‘फॅसिएटा’ होते, आणि लोकांना ती छपाईची चूक वाटते. बदलतो तो पहिला शब्द, म्हणजे आडनाव, कारण तो नातेसंबंध सांगतो. पुंटियस ही तर वर्षानुवर्षे अडगळीची खोली झाली होती. २०१२ मध्ये रोहन पेथियागोडा आणि सहकाऱ्यांनी हाडांची ठेवण व जनुके तपासून त्यातले दक्षिण आशियातले मासे वेगवेगळ्या गटांत विभागले आणि काही गटांना नवी आडनावे दिली. त्यांतले ‘द्राविडिया’ हे नाव आधीच एका माशीला दिलेले निघाले, म्हणून २०१३ मध्ये ते ‘हलुदारिया’ करावे लागले. मनमानी असती तर माशीला कोण विचारते? हा सगळा इतिहास लेबलवरही वाचता येतो: ‘पेथिया नारायणी (होरा, १९३७)’ यातला कंस सांगतो की होरांनी हा मासा वेगळ्या आडनावाखाली नोंदवला होता.

यावर आक्षेप असा, की याने गिऱ्हाईक गोंधळते, त्यापेक्षा दुकानातली नावे बरी. पण खरा गोंधळ तिथेच आहे. ‘मिस केरळ’ या एका नावाखाली दोन जाती विकल्या जातात. एकीच्या पाठीवरच्या परावर काळा डाग असतो, दुसरीच्या नसतो. त्या दोघींना २०१३ मध्ये ‘सह्याद्रिया’ हे आडनाव मिळाले. ते देणाऱ्या चौघांत पुण्याचे नीलेश डहाणूकरही होते. आणि नावाचा प्रश्न दुकानापुरता नाही: जात नेमकी ठाऊक नसेल तर तिचे रक्षण करायचे कसे? बेंगळुरूला पाणी पुरवणाऱ्या कावेरीतला नारिंगी परांचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर गळाने मासे धरणाऱ्यांत जगभर गाजला, पण शास्त्रीय नावाअभावी धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीबाहेरच राहिला. २०१८ मध्ये तो ‘टॉर रेमादेवी’च असल्याचे दाखवले गेले, आणि त्याच वर्षी त्याची नोंद झाली, तीही थेट ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून.